दुसरं फुलपात्र

कोल्हापूर,
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शांभवी हिस,

अनेक आशीर्वाद.

'सौ.' लिहायचं की नाही, यावर सकाळपासून दोन कागद फाडले. चोवीस मार्चला इथल्या कोर्टाची शेवटची तारीख आहे, दोघांच्या सह्या झाल्या की संपलं, असं आदर्शनं फोनवर सांगितलं. म्हणजे तोवर तू सौभाग्यवती आहेस आणि माझी सूनही आहेस. म्हणून लिहिलं. खोडायचं असेल तर तू खोड.

या पत्रासोबत डब्यात ओले काजू आहेत. दीड किलो, सोललेले. आजऱ्याच्या धोंडुबाईंनी पाठवले. त्यांना अजून वाटतं तू इथंच आहेस, आणि मीही त्यांना काही सांगितलेलं नाही. सोलताना चीक लागून माझ्या बोटांची सालं निघाली, खोबरेल तेल चोपडून बसले आहे, तेव्हा अक्षर तेलकट दिसलं तर समजून घे. नाशिकच्या ट्रॅव्हल्सवाल्याला बजावलंय की डबा ऊन लागेल तिथं ठेवू नकोस. तो म्हणाला, "मावशी, काजूच हाईत न्हवं, बाळ न्हाई." पैसे घेतले मात्र बाळाचे.

उसळ करशील तर खोबरं बेतानं घाल. मसाला नको. हिरवी मिरची चिरू नको, नुसती मोडून टाक. आणि सोबत ती तुमची पांढरी वाइन, गोड नसलेली, तुम्ही जिला ड्राय म्हणता ती. तिचं खरं नाव मला वर्षभरात एकदाही धड म्हणता आलं नाही. मी तिला 'पांढरी' म्हणायची आणि तू हसायचीस.

फोन का केला नाही, असं तुला वाटेल. एक तर माझा नंबर तू बंद करून ठेवलायस. ते योग्यच केलंस. दुसरं म्हणजे फोनवर माझं तोंड माझ्या पुढं पळतं. कागदावर निदान मध्येच थांबून उठता येतं, दूध उतू जातंय का बघून येता येतं.

घरी सगळं ठीक. हे सकाळी तालमीच्या कट्ट्यावर आणि दुपारी पत्त्यांना. अजून गल्लीत 'गणपतराव पैलवान' म्हणूनच हाक मारतात, आणि गुडघ्याला पट्टा बांधून पैलवान ओ देतात. तेजूचा मुलगा अकरा महिन्यांचा होत आला. सोळा मार्चला त्याचं जावळ, इथंच, आमच्या घरी. मामाच्या मांडीवर बसवून पहिले केस काढायचे, त्यामुळं आदर्शला पुण्याहून यावंच लागेल. पेठ वडगावची तेजूची सासरची सगळी येतील.

मला एक गोष्ट सांगायची आहे. खरं तर तुला नाही, तुला ती माहीत आहे. ज्यांना सांगायची त्यांना तीन वर्षं झाली तरी सांगितलेली नाही. तू कुणाला सांगणार नाही म्हणालीस आणि शब्द पाळलास. आदर्शलासुद्धा सांगितलं नाहीस, हे त्याच्या बोलण्यावरून कळतं. या पत्रात त्या गोष्टीपाशी पोचेन असं वाटलं होतं, पण काजूतच पान भरलं.

तुझी,
आक्का

•

कोल्हापूर,
सोमवार, ३ मार्च २०२५

चि. सौ. शांभवी हिस,

तुझं कार्ड मिळालं. पुढे द्राक्षाच्या मळ्याचं चित्र आणि मागे दोन शब्द: 'काजू पोचले.' उसळ केलीस का, पांढरीबरोबर खाल्लीस का, काही नाही. तरी मी ते कार्ड दिवसभर पोलक्यात ठेवून हिंडत होते. ह्यांनी विचारलं, "लाईटबिल हाय काय?" मी म्हटलं, व्हय.

म्हणजे बघ, अजून खोटंच बोलते.

आज हे कोडोलीला लग्नाला गेलेत. घर रिकामं, दुपारचे अडीच वाजलेत. ही आपली वेळ. तुझ्या कंपनीचं वाइनचं खोकं पहिल्यांदा आलं तो दिवस आठवतोय. आदर्शला शिरोलीत नोकरी लागली म्हणून तुम्ही दोघं नाशिक सोडून इथं राहायला आलात, आणि तुझं काम कंपनीनं घरूनच करायला सांगितलं. आम्ही पै-पाहुण्यांत 'सूनबाई द्राक्षाच्या कंपनीत आहेत' एवढंच सांगायचो. ते खोटं नव्हतं. द्राक्षाचं पुढे काय होतं ते कुणी विचारत नव्हतं आणि आम्ही सांगत नव्हतो. आमच्या भावकीत पिणारे ढीगभर आहेत, पण प्यायचं ते बाहेर, आणि बायकांनी तर त्याचं नाव घ्यायचं नाही, अशी रीत.

तू खोकं फोडून बाटल्या माझ्या स्वयंपाकघरात मांडल्यास. मी म्हटलं, "आगं बाई, ह्यास्नी दिसलं तर दोघींची वरात काढतील."

आईला अव्वा तशी सासूला अत्ती, ही तुमच्या गडहिंग्लजकडची बोली. तू म्हणालीस, "अत्ती, कोल्हापुरी जेवणाबरोबर कुठली वाइन चालते ते मला लिहून द्यायचंय. पण मी मटण खात न्हाई. मला कसं कळणार? मला तुमची जीभ पाहिजे."

"जीभ व्हय? ती लई चालती माझी. ने की."

तुला वाटलं मी थट्टेवारी नेतेय. थट्टेवारीच नेत होते. पण रात्रभर झोप लागली नाही, ते का, तुला कधी सांगितलं नाही. या घरात चाळीस वर्षं मी रांधत होते. पांढरा रस्सा खावा तर तानाबाईच्या हातचा, असं अख्खी गल्ली म्हणायची. ह्यांना चव कशी लागली, पाहुण्यांना कशी लागली, मीठ जरा कमी का, सगळं मी विचारायची. मला कशी लागली हे कुणी विचारलं नव्हतं. मी सगळ्यांचं झाल्यावर जेवायची, तोवर रस्सा गार होऊन वर तवंग धरलेला असायचा. तू पहिली बाई, जिनं मला दुपारी अडीचला गरम रस्सा वाढून समोर बसवलं आणि वही उघडली.

पहिल्या दिवशी मी काय केलं आठवतं? रस्सा ओरपतात तशी वाटीभर वाइन एका दमात ओरपली. तू कपाळावर हात मारलास. "अत्ती, घोट! घोट घ्यायचा!" मग मला ती आंबट लागली म्हणून मी साखर शोधायला उठले, आणि तू माझा हात धरून खाली बसवलंस. तुझ्या काचेच्या उंच ग्लासांना मी हातही लावला नाही. कुणी दार उघडून आलं तर ग्लास लपवायचा कुठं? म्हणून स्टीलची दोन फुलपात्रं काढली. स्टीलनं चव मारली जाते म्हणून तू चार दिवस कुरकुरलीस आणि पाचव्या दिवशी गप झालीस. फ्रिजमध्ये ठेवायची सोय नव्हती, गार पाणी प्यायला हे तासातासाला फ्रिज उघडणार. मग बाटलीला ओलं फडकं गुंडाळून मोरीच्या खिडकीत उभी करायची. तूच म्हणालीस की नाशिकच्या यंत्रापेक्षा बरी गार होते.

मला त्या वासाची सवय लागली, खरं सांगते. कापलेल्या गवताचा, अर्धवट पिकलेल्या पेरूचा.

तांबड्या रश्श्याबरोबर मात्र तिचं हाडवैर. तो प्यायले, वर पांढरीचा घोट घेतला, आणि तोंडात आग पेटली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. तू दही आणायला धावलीस आणि धावता धावताही विचारत होतीस, "कुठं जळतंय? जिभेच्या शेंड्याला का घशात?" माझा जीव चाललाय आणि ही वही शोधतेय! पुरणपोळीबरोबर तर ती शिरक्यासारखी आंबटढाण लागली. शेंगदाण्याच्या चटणीशी पटलं नाही, कारळ्याच्या चटणीशीही नाही. पण तुझ्या अव्वानं गडहिंग्लजहून पाठवलेल्या कडक भाकरीवर लोणी थापून खाल्लं आणि वर घोट घेतला, तेव्हा आपण दोघी एकदमच हसलो. दहीभाताशी जमलं. लिंबू पिळलेल्या तळलेल्या माशाशी फारच जमलं, तो मी एकटीनं खाल्ला आणि तू खिडकीशी तोंड करून बसलीस. ओल्या काजूच्या उसळीशी जमलं, तेव्हा आपण पातेलं निपटलं आणि ह्यांना रात्री पिठलं-भात वाढला.

आणि पांढरा रस्सा. तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. तू ओढणी नाकाला धरून पातेल्याच्या वाफेत उभी होतीस. मटणाचा वास तुला सोसत नव्हता, तरी हलली नाहीस.

"अत्ती, आधी रस्सा. आता घोट. नारळाचं काय झालं?"

"नारळ मागं सरला."

"आणि पुढं कोण आलं?"

मी डोळे मिटून बसले होते. "वेलदोडा. आनी मग… थांब की. खसखस. आगं, मी खसखस घालते ते मला आजपातुर कवा लागलंच न्हवतं!"

तू ते जसंच्या तसं लिहून घेतलंस. 'खसखस मला आजपर्यंत कधी लागलीच नव्हती.' खाली माझं नाव घातलंस, तानाबाई, कोल्हापूर. माझं नाव रेशनकार्डाशिवाय कुठं लिहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. वर्षभर त्या दुपारी चालल्या. दोन घोटांपलीकडं तू मला कधी जाऊ दिलं नाहीस, आणि मी कधी मागितलं नाही असं मात्र म्हणवत नाही.

बाकीचं पुढच्या पत्रात लिहीन. हे यायची वेळ झाली.

तुझी,
आक्का

•

कोल्हापूर,
मंगळवार, ११ मार्च २०२५

चि. सौ. शांभवी हिस,

या वेळी तुझं कार्ड आलं नाही. मी कुठं थांबले होते ते तुला कळलं असणार. तर लिहितेच.

जानेवारी २०२२, रविवार. वडगावची माणसं तेजूला बघायला येणार होती. आधी दोन ठिकाणं मोडली होती, ह्यांनी जेवण टाकलं होतं, तेजू आतल्या खोलीत तोंड उतरवून बसली होती. आणि मला पहाटेपासून एकच भीती, की आज रस्सा बिघडणार. तीनदा चाखून बघितला. मीठ पडलं का नाही, तेही समजेना.

दहा वाजता मी तुला मोरीत ओढून म्हटलं, "काढ जरा पांढरी."

तू म्हणालीस, "आता? अत्ती, पाहुणे येतील."

"काढ म्हनते न्हवं. त्याबिगार मला कळायचं न्हाई रस्सा जमलाय का."

हे मीच म्हटलं. तुझी इच्छा नव्हती. तू दोन फुलपात्रांत घोट घोट ओतलंस, मी रस्सा चाखला, वर घोट घेतला, आणि वेलदोडा बरोबर पुढं आला. जिवात जीव आला. माझ्या फुलपात्रात थोडी उरली होती, तेवढ्यात दारात गाडी वाजली, आणि मी बाटली आणि दोन्ही फुलपात्रं कट्ट्याखालच्या कपाटात घन्साळ तांदळाच्या डब्यामागं सारली.

रस्सा सगळ्यांनी तीन-तीनदा मागून घेतला. व्याही बाळासो तर वाटी सोडेनात. तेजू पसंत पडल्यातच जमा होती. मग विहीणबाई, झुंबरबाई, आत आल्या, "बगू तरी, पांढरा कसा करतासा," म्हणत. माझी पाठ वळली आणि ताटली शोधायला झुंबरबाईंनी ते कपाट उघडलं.

"ह्ये काय ओ?"

मी वळले. तू दारात उभी होतीस, हातात पापडांचं ताट. बाहेर सोप्यात सगळ्यांना ऐकू गेलं, कारण झुंबरबाईंचा आवाज तुला माहीत आहे.

"सुनंचं हाय," मी म्हटलं. "तिच्या कंपनीचं. मी कवा हात लावला न्हाई. मला त्येचा वासबी खपत न्हाई."

"आनी फुलपात्रं दोन कशापायी?"

"तिचीच असतील. येकात पानी असंल."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांचं तोंड वाकडंच होतं, आणि लग्न मोडतंय असं मला डोळ्यांपुढं दिसायला लागलं. म्हणून मी आणखी बोलले. "आमच्यात ही पद्धत न्हाई. त्येंच्याकडची रीत असंल."

शांभवी, तुझ्या घरात कांदा-लसूणसुद्धा सणावाराला शिवत नाहीत. तुझे अप्पा दुकान उघडायच्या आधी लिंगपूजा करतात, मी स्वतः डोळ्यांनी बघितलंय. तुझ्या आईच्या हातची कडक भाकरी मी वर्षभर खाल्ली आणि तिच्या घरावर ते ढकललं.

तू माझ्याकडं बघितलंस. मी पातेल्यात बघितलं. मग तू ताट खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "व्हय. माझीच हाय." आदर्श बाहेरून आला आणि सगळ्यांपुढं ओरडला, "आक्काची माफी माग." तू मागितली नाहीस. मी म्हणू शकले असते की राहू दे रे. तेही म्हटलं नाही.

पाचव्या दिवशी तू नाशिकच्या गाडीत बसलीस. मी दशम्यांची पिशवी घेऊन स्टँडवर आले, कुणाला न सांगता. तू पिशवी घेतलीस, एवढं मात्र केलंस. खिडकीतून म्हणालीस, "अत्ती, तेजूचं लग्न होऊ दे. मी कुणाला काही सांगणार न्हाई. सांगायचं असलं तर तुम्हीच सांगा."

मला वाटलं होतं, लग्न झालं की सांगू. मग म्हटलं, तेजू रुळू दे. मग तिला दिवस गेले, मग बाळंतपण. तोवर आदर्शनं पुण्याला नोकरी धरली आणि वकील गाठला होता. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता सांगून काय उपयोग. सांगायचं धाडस नव्हतं, एवढंच खरं.

रविवारी तेच सगळे त्याच घरात जमणार आहेत. मी सांगेन, असं इथं लिहीत नाही. लिहिलं आणि झालं नाही तर आणखी एक खोटं माझ्या नावावर होईल.

तुझी,
आक्का

•

कोल्हापूर,
मंगळवार, १८ मार्च २०२५

चि. सौ. शांभवी हिस,

हे पत्र स्पीड पोस्टानं टाकते आहे, तारखेच्या आत मिळावं म्हणून.

जावळ नीट पार पडलं. पोरानं गल्ली डोक्यावर घेतली. आदर्शनं मांडीवर घट्ट धरून ठेवलं, तेव्हा अर्धे केस ताटात पडले आणि अर्धे आदर्शच्या सदऱ्यावर. तो खाली मान घालून ते वेचत होता. वाळलाय तो. हे मी तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही, दिसलं ते लिहिलं.

दुपारी पंगत बसली. मी पांढऱ्याचं पातेलं आणि पळी घेऊन वाढत होते. सकाळपासून मनात म्हणत होते की आता सांगू, मग म्हटलं आधी पोटं भरू देत. तसंच राहिलं असतं, मी माझी मला ओळखते. पण झुंबरबाईंनी वाटी पुढं केली आणि म्हणाल्या, "ह्यो रस्सा खाल्ला की त्या दिसाची याद येती बगा. बरं झालं, ती बाटलीवाली गेली. आता तुमच्या पोरासाठी आमच्या वडगावात चांगल्यातली बगू."

आदर्श समोरच्या पाटावर होता. त्यानं मान वर केली नाही.

माझ्या हातातली पळी त्यांच्या वाटीवर तशीच राहिली. मी म्हटलं, "ती बाटली मी काढाया लावलीती, झुंबरबाई."

"आँ?"

"ती नको म्हनत हुती. दुसरं फुलपात्र माझं हुतं. वरीसभर आमी दोघी पीत हुतो, दुपारच्याला, दोन दोन घोट. तुमाला आवडतोय न्हवं ह्यो रस्सा? त्यो बी त्या दिशी वाइन पिऊन चाखलाता. आनी तिच्या माह्यारात दारूचं नाव न्हाई. त्येंच्यात मटानबी शिवत न्हाईत. मी खोटं बोलले. सगळं खोटं बोलले."

मला वाटलं आता ताटं सरकतील, तेजूला ओढून नेतील, ह्यांचा हात उठेल. तेजूचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

आणि बाळासो हसायला लागले. "आयला! इहीनबाई, तुमी?" त्यांना ठसका लागला. झुंबरबाईंनी आधी डोळे मोठे केले, मग मांडीवर हात मारला. "आनी मला म्हनलासा वास खपत न्हाई! आवं, आमचं ह्ये निम्मी बाटली पिऊन घोरत पडत्यात, मी काय माह्यारी निघून गेल्ये व्हय? मलाबी एक घोट द्यायचा हुतासा की!" मग अख्खी पंगत हसली. तेजूसुद्धा डोळे पुसत हसली. पाच मिनिटं झाली असतील. मग कुणीतरी भाकरी मागितली आणि जेवणं पुढं सुरू झाली.

आदर्श हसला नाही. ताटावरून उठून तो मोरीवर हात धुवायला गेला आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

मी भांडी घासत होते तेव्हा हे मागं येऊन उभे राहिले. "मला ठावं हुतं," म्हणाले.

"काय?"

"तू पितीस ते. वास येत हुता. आनी मी पत्त्यावरनं आलो की तू लई गानी म्हनायचीस."

"मग त्या दिशी बोलला का न्हाईसा?"

"पोरीचं लगीन हुतं," एवढं म्हणून ते तालमीच्या कट्ट्यावर गेले. पंचेचाळीस वर्षांत मी या माणसाला कधी शिवी दिली नव्हती. त्या दिवशी दिली, आणि तो निघून गेल्यावर स्वतःलाही दिली.

संध्याकाळी आदर्श बॅग भरत होता. मी दारात उभी राहिले, आत जायचा धीर झाला नाही. तो बॅगेतच बघून म्हणाला, "आक्का, तिनं मला एकदाबी सांगितलं न्हाई."

"तू तिला इचारलंतंस?"

त्यानं चेन लावली, परत उघडली. "न्हाई. मी नुसतं माफी माग म्हनलो. नाशकाला जाऊनबी तेच म्हनलो. फोनवर बी तेच."

"ती का गप बसली ते ठावं हाय का तुला?"

"आता कळलं की." मग म्हणाला, "चोवीसला येतो." काय करणार आहेस, असं मी विचारलं. ठाऊक नाही म्हणाला. तो रडला का, ते मला सांगता येणार नाही, त्यानं तोंड तिकडं केलं होतं.

सगळे गेल्यावर मी पाटावर बसून राहिले. मला हलकं वाटायला हवं होतं, लोक तसं म्हणतात. मला तसं वाटलं नाही. ज्याला भिऊन मी तीन वर्षं गप बसले, ते पाच मिनिटांचं हसणं निघालं. लग्न मोडलं नसतं, कुणी ताट सारलं नसतं. तेव्हाच बोलले असते तर झुंबरबाई तेव्हाच मांडीवर हात मारून हसल्या असत्या, आणि तू पापड वाढून झाल्यावर माझ्या शेजारी जेवायला बसली असतीस. एवढ्याशासाठी मी तुला घालवलं. मोठं काही वाचवण्यासाठी घालवलं असतं तर निदान मनाला तेवढं तरी सांगता आलं असतं. शांभवी, माझं चुकलं. तुझ्या अव्वाला मी कालच वेगळं पत्र घातलंय, तिची माफी मागितली आहे.

चोवीस तारखेला मी कोर्टात येणार आहे. हे नको म्हणतात, कशाला तमाशा. सही करायची की नाही ते तुम्ही दोघं ठरवा, मी त्यात तोंड घालणार नाही, आणि तू सही केलीस तरी तुझ्यावर माझा राग नसेल. पण तिथं म्हणे नवऱ्याकडची माणसं एका बाकावर बसतात आणि बायकोकडची दुसऱ्या. तुझी अव्वा आणि अप्पा येतील, त्यांच्याशेजारी मला जेमतेम जागा झाली तरी पुरे. मी तुझ्या बाकावर बसणार. तू "उठा" म्हणालीस तरी उठणार नाही.

तुझी,
आक्का